भागूचा वीर

पळालेल्या माणसाचा वीर बसवत नसतात, असं सावळेराम तात्या भैरोबाच्या देवळात सगळ्या भावकीसमोर म्हणाले आणि माझ्या आजीनं पायातली वहाण काढली. मारायला नव्हे, देवळाची पायरी चढायला. भावकीच्या बैठकीत बायका वर बसत नाहीत, पायरीखाली उभ्या राहून ऐकतात. इतकी वर्षं आजीही तशीच उभी राहिली होती. त्या दिवशी ती वर चढली, तात्यांच्या बरोबर समोर बसली आणि म्हणाली, "आता बोल. मला खालून ऐकू येत न्हाई."

तिला उत्तम ऐकू येतं. मी नर्स आहे, मीच तपासलंय.

वीर म्हणजे काय ते आधी सांगून टाकते. आमची वाडी जुन्नरकडच्या मढ गावाच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. भाताच्या खाचरांच्या वर एका उंबराखाली दगडांची रांग आहे. जो माणूस घरापासून लांब, लढताना किंवा दुसऱ्यासाठी जीव टाकताना मेला, त्याचा दगड तिथं उभा करतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोड्यावर बसलेला माणूस. मेलेल्यानं जन्मात घोड्यावर टांग टाकली नसली तरी दगडात घोडा मिळतोच. वाघाशी झुंजलेला एक आहे, इंग्रजांच्या गोळीनं गेलेले दोन आहेत, एकाहत्तरच्या लढाईतला एक आहे. आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांना शेंदूर लावतात आणि एकेकाचं नाव मोठ्यानं घेतात. परमुलखात मेलेल्याचं नाव तिथं घेतलं गेलं नाही तर तो मेल्यावर कुठलाच राहत नाही, असं आमच्याकडं मानतात. मी मानते का, ते विचारू नका. आजी मानते आणि तिला मरायच्या आधी त्या रांगेत आपल्या बापाचा दगड बघायचा होता. सगळं भांडण तेवढ्यासाठी होतं.

तिचा बाप भागू. दुसऱ्या महायुद्धात तो मुंबईला हमाली करायला गेला आणि आरमारात आगवाला म्हणून भरती झाला. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून भट्टीत कोळसा टाकणारा. ओढ्याला पाणी आलं की हा माणूस पलीकडच्या भाताच्या आवणात जायला घाबरायचा, पोहता येत नव्हतं, आणि नोकरी धरली ती समुद्रावर! आजी तेव्हा रांगत होती. एकदा सुट्टीवर येऊन गेला, तिला खांद्यावर घेऊन वाडीभर मिरवलं म्हणतात. मग परत गेला तो गेलाच.

पुढच्या वर्षी दोन लष्करी पोलीस वाडीत आले. भागू घरी आलाय का, एवढंच विचारलं आणि निघून गेले. बोट बुडाली असणार, पण त्यांनी तसं सांगितलं नाही. लढाईच्या दिवसांत असलं सांगत नसत. बोटीवर कोण चढलं होतं आणि कोण मागं राहिलं होतं, हे ते शोधत असणार. पण आमच्या डोंगरात पोलीस ज्याला शोधत यायचे तो माणूस पळालेलाच असायचा. दुसरं काही असू शकतं हे वाडीतल्या एकालाही सुचलं नाही. झालं! भागू पळाला. कुणी म्हणालं मुंबईत बाई ठेवली, कुणी म्हणालं कराचीत. भागूच्या थोरल्या भावानं, म्हणजे तात्यांच्या आजोबांनी, सगळ्यांच्या आधी हे बोलून दाखवलं. पोलीस आपल्या दारात नकोत एवढाच त्यांचा हिशोब होता.

माझ्या पणजीचं काय झालं असेल बघा. सवाष्ण म्हणून तिची कुणी ओटी भरली नाही आणि विधवा म्हणून तिच्यासाठी कुणी रडलं नाही. आजीचं नाव गोजर, पण पोरं तिला 'पळपुट्याची गोजर' म्हणूनच हाक मारायची. लग्नाची झाली तेव्हा हिला सून करून घ्यायला कुणी धजेना. शेवटी डिंभ्याकडचा एक गरीब मुलगा घरजावई म्हणून आणला. तो माझा आजोबा. माझ्या बाबांना, गोरखला, भावकीत अजून 'घरजावयाचा गोरख' म्हणतात. बाबा त्यावर हसतात. मला त्यांच्या त्या हसण्याचा भयंकर राग येतो.

तर मी नर्सिंग केलं आणि मला नेमणूक मिळाली ती रायगडात, अगदी समुद्रकाठच्या आरोग्य केंद्रात. एके दिवशी कोळीवाड्यातली एक तरुण बाई पोटदुखीनं रडणारं तान्हं घेऊन आली. दोन दिवस काय करत होता म्हणून मी तिला झाडलं, तर ती शांतपणे म्हणाली, "हिरडेबाबाला हिरडा ठेवून आलो ना."

मी तिला आणखी झाडणार होते, पण तोंडातला शब्द तोंडातच राहिला. हिरडा? समुद्रकाठी हिरड्याचं झाड औषधाला सापडणार नाही. हिरडा आमचा. होळीच्या मागंपुढं आमचा सगळा डोंगर, पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, हिरडा गोळा करत झाडांखाली असतो. माझी शाळेची फी हिरड्यावर भरलीय. मी बाळाला औषध दिलं आणि संध्याकाळी त्या बाईच्या मागं मागं गेले.

किनाऱ्यामागं केवड्याचं बन आहे. त्याच्या आडोशाला जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधून काढलेला वाळूचा उंचवटा होता आणि त्यावर वाळलेले बाळहिरडे पडलेले. ह्या बायका ते अलिबागच्या बाजारातून मुद्दाम विकत आणतात. तिथं ठकूबाई म्हणून एक म्हातारी झाडलोट करत होती. तिला मी विचारलं, हा बाबा कोण?

"नाव कुनाला ठाव?" ठकूबाई म्हणाली. "आमचे सासऱ्याचे वक्ताला लढाई होती. पावसाळ्याचे शेवटाला दर्यानं सहा मानसं आनून टाकली. भाजलेली, फुगलेली. गोरा कोन, काला कोन, तेबी वलखू येत नव्हतं. पोलीस आलं, त्यांचे गल्यातलं बिल्लं काढून घेतलं आन बोल्ले, पुरून टाका, बोंब मारू नका. आमच्या लोकांनी तिरड्या बांधल्या, खांद्यावर घेतलं न् हितं आनलं. दर्यानं आमचे दारात टाकलं म्हंजे आमचंच की. त्यातल्या एकाचे कमरंला काला करदोटा होता, त्यात भोक पाडून हिरडा ओवलेला. तवापासून हिरडेबाबा."

मी तिथंच वाळूत बसले. आमच्या घरातून कुणी डोंगर सोडून जायला निघालं की त्याच्या करदोट्यात बाळहिरडा ओवतात, परमुलखाचं पाणी पोटाला लागू नये म्हणून. मी करदोटा बांधत नाही म्हणून आजीनं तो माझ्या पर्सच्या चेनला बांधलाय.

फोनवर आजीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गोरखला सांग, जीप कर."

माळशेज उतरून, कल्याण ओलांडून ते दोघं दिवस मावळायच्या आत पोचले. आजीनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. मला वाटलं ती थांबून बघेल, तर तिनं त्याच्याकडं एकदाच रागानं पाहिलं आणि पाठ फिरवली. उंचवट्यापाशी आल्यावर ती खाली बसली, वाळूवर दोन्ही हात ठेवले आणि मला वाटलं आता रडेल. ती भांडायला लागली.

"एवढ्या जवळ व्हतास व्हय रं? एका दिसाच्या वाटंवर? आन आमी तुला कराचीत धाडला! माझी आई दारात बसून म्हातारी झाली. एक सपान तरी पाडायचं तिला! कुनाच्याबी सपनात जायचं, सांगायचं हितं हाय म्हणून! लोकांच्या पोरांची पोटं बरी करीत बसलास, आन माझं पोट दुखायचं तवा कुठं व्हतास?"

मग ती रडली. आम्ही तिघंही रडलो. ठकूबाईसुद्धा.

ठकूबाईचा पुतण्या धाकू नाखवा बाजूला उभा होता. आजीनं डोळे पुसले आणि त्याला विचारलं, "ह्यात त्यो कुठं हाय? कंच्या अंगाला?"

धाकू नाखव्यानं मान खाली घातली. "आजी, खोटं कशाला बोलू? मोठं वादल आलं होतं तवा ही सगली वाल कापली गेली, हाडं उघडी पडली. आमच्या बापानं गोला केली न् एकाच ठिकानी ठेवली. आता कोन कुठचा ते नाय सांगता येनार."

बाबांचा चेहरा पडला. आजीनं वाळू मुठीत घेतली.

"मग समद्यांची माती दे," ती म्हणाली. "आज नगं. आखितीला मागीन तवा दे."

ह्यानंतर ती बैठक झाली, जिच्यात आजी पायरी चढली.

सावळेराम तात्या नात्यानं आजीचा भाचा, म्हणजे तिच्या चुलतभावाचा मुलगा. लहानपणी तिनंच त्याचा शेंबूड पुसलेला. आता ते भावकीचे थोरले. आवाज मऊ, पण भावकीतल्या एकाचीही त्यांच्यापुढं बोलायची टाप नाही. ते आजीला म्हणाले, "आत्या, तू ऐकून तर घे. करदोट्यात हिरडा काय तुझ्याच घरात ओवतात का? भीमाशंकरापासून माळशेजपातूर समदा डोंगर ओवतो. त्यो कुणीबी असंल. पुरावा काय?"

मी तोंड उघडणार होते. रात्रभर मुद्दे काढले होते मी. आजीनं माझ्या मांडीवर हात दाबला.

"पुरावा न्हाई," ती म्हणाली.

देवळात खसखस पिकली. तात्यांनी हात पसरले, झालं की मग, अशा अर्थानं.

"पुरावा न्हाईच," आजी म्हणाली. "पर तुझ्या आज्यानं माझा बाप पळाला म्हणून सांगितलं, तवा त्यानं काय पुरावा दिला व्हता? पळताना कुणी बघितला? कराचीतली बाई कुणी बघितली? माझं समदं आयुष्य तुमी बिनपुराव्याचं बोलला आन मी ऐकलं. आता मी बिनपुराव्याचं बोलते. तुमी ऐका."

खसखस थांबली. मी आजीकडं बघतच राहिले. रात्रभराचे माझे मुद्दे तिच्या त्या चार वाक्यांपुढं पाला होते.

तात्या हार मानणाऱ्यातले नाहीत. "बरं," ते म्हणाले, "त्योच असंल असं धरू. पर माती सहा जणांची. त्यात गोरा हाय का मुसलमान हाय, कुणाला ठावं. ती माती आपल्या वीरांत मिसळायची?"

"एका बोटीत राबली, एका पान्यात मेली, एका खड्ड्यात निजली. तुझ्यापरीस तीच त्याची भावकी."

"आत्या, तोंड सांभाळ."

"तू इच्यारलंस म्हणून सांगितलं."

मग तात्यांनी हुकमाचा पत्ता काढला. आधीपासून तो हातात धरूनच बसले होते हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. वीराच्या दगडाला आमच्याकडं एक रीत आहे. ज्या घरांनी मढ्याला खांदा दिला, त्याच घरांतल्या माणसांनी दगडाला खांदा द्यायचा. ओढ्यातून उचलला की उंबराखाली नेईपर्यंत मध्ये भुईला टेकवायचा नाही. टेकला तर तो वीर नाही, नुसता धोंडा.

"भागूला खांदा कुणी दिला?" तात्यांनी विचारलं. "आमी न्हाई दिला. तुझ्या गोरखनं न्हाई दिला. मग दगड उचलायचा कुणी? रीत मी केली न्हाई, आत्या. रीत बापजाद्यांची."

बाबा जमिनीकडं बघत होते. आजीनं पदर सारखा केला.

"म्हंजे ज्यांनी खांदा दिला त्यांनी उचलला तर चालंल?"

"चालंल की." तात्या हसले. "आण त्यास्नी."

"एकाहत्तरच्या वीराला साताऱ्याकडचे शिपाई आलं व्हतं, तसं?"

"तसं."

"भैरोबाच्या म्होरं बोललास," आजी उठत म्हणाली. "समद्यांनी ऐकलं."

घरी येताना बाबा कळवळून सांगत होते. "आये, भावकीशी वैर नको. आपण आधीच उपरे. उद्या आरतीच्या लग्नाला कुणी यायचं न्हाई."

"नाही आले तर बुंदी कमी पाडावी लागेल," मी म्हणाले. "माझ्या लग्नाचा धाक मला घालू नका, बाबा."

"गोरख," आजी म्हणाली, "मला पळपुट्याची म्हणत्यात, तुला घरजावयाचा म्हणत्यात. ह्या पोरीला काय म्हणतील त्याची वाट बघायची का?"

बाबा झपझप पुढं चालू लागले.

ओढ्यातलाच दगड घडवायला जुन्नरहून दादाभाऊ पाथरवट आला. आजी म्हणाली, घोडा नको, बोट काढ. दादाभाऊनं उभ्या जन्मात बोट कोरली नव्हती. मी त्याला मोबाइलवर चित्रं दाखवली, त्यानं मान डोलावली आणि गुरांना पाणी पाजायची डोणी असते तसलं काहीतरी कोरून ठेवलं. वर चंद्र-सूर्य मात्र झकास. आजीला बोटच आवडली. तिनं कुठं दुसरी पाहिली होती!

मी धाकू नाखव्याला फोन केला. मनात धाकधूक होती. मासेमारीचे शेवटचे चांगले दिवस, पावसाळा तोंडावर, एक दिवस बोट उभी राहिली की काय जातं ते मला तिथं राहून कळलेलं. मी चाचरत सगळी रीत सांगितली. त्यानं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "दगड वजनाला किती हाय?"

आखितीच्या सकाळी वाडीत टेम्पो शिरला. माणसं दिसायच्या आधी सुक्या बोंबलाचा वास आला आणि वाडीतली सगळी कुत्री मिरवणुकीनं मागं लागली. टेम्पोतून धाकू उतरला, त्याच्यासारखेच खांद्यांना घट्टे पडलेले आणखी तिघं उतरले, आणि मांडीवर लाल फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं घेऊन ठकूबाई उतरली. ज्या चार घरांनी तेव्हा तिरड्या उचलल्या होत्या त्या चारही घरांतलं एकेक माणूस आलं होतं. आजीनं त्यांच्या पायावर पाणी घातलं आणि ठकूबाईकडून मडकं घेऊन छातीशी धरलं. ते तिनं शेवटपर्यंत कुणाला दिलं नाही.

ओढ्यात धाकूनं दगड निरखला. बोटीवर बोट फिरवलं.

"ही होडी कुनी केली? ही तर धक्क्यालाच बुडंल." सगळे हसले, दादाभाऊ पाथरवटसुद्धा. मग धाकूनं दगडाला हात लावून नमस्कार केला, चौघांनी वासे लावले आणि दगड खांद्यावर घेतला.

ओढ्यापासून उंबरापर्यंतची सरळ वाट तात्यांच्या खाचराच्या बांधावरून जाते. बांधावर तात्या बसले होते, मागं भावकीतले दहा-बारा जण.

"माझ्या बांधावरून न्यायचा न्हाई," तात्या म्हणाले.

"तू देवळात शब्द दिला व्हतास," आजी म्हणाली.

"दगड उचलायचा शब्द दिला व्हता. बांधाचा न्हाई. आन हे लोक कोण, कुठलं? आपल्या वीराला ह्यांनी शिवायचं?"

धाकूच्या कपाळावर घामाच्या धारा लागल्या होत्या. ओझं खांद्यावर तसंच ठेवून तो म्हणाला, "काका, तुमचा मानूस आमचे दारात आला तवा आमच्या आज्यानं बांध नाय दाखवला."

तात्यांच्या मागं उभ्या असलेल्यांपैकी दोघांनी नजर दुसरीकडं वळवली. पण बांधावरून कुणी उठलं नाही.

दुसरी वाट होती, म्हणजे नव्हती. ओढ्याच्या कडेनं वर चढायचं, मग करवंदीच्या जाळीतून तिरकं उंबराकडं निघायचं. तिथून शेळ्यासुद्धा नीट जात नाहीत. मी धाकूकडं बघितलं, धाकूनं जाळीकडं बघितलं. दगड खाली ठेवता येत नव्हता आणि असा किती वेळ धरणार?

तेवढ्यात बाबा पुढं झाले. कमरेचा कोयता काढला आणि जाळीत शिरले. खांदा द्यायचा त्यांना हक्क नव्हता, वाट तोडायला कुणाची रीत आड येत नव्हती. काटे हातात, दंडात घुसत होते आणि ते डावी-उजवी करवंदी पाडत चालले होते. आयुष्यात कुणाशी वर आवाजात न बोललेला माझा बाप त्या झुडपांवर असा तुटून पडला होता की मागून धाकू म्हणाला, "दादा, जरा सबुरीनं, आमाला गाठू तर द्या!"

मधल्या कातळावर मागच्या एकाचा पाय घसरला. दगड कलंडला. आजीच्या तोंडून आवाज फुटला आणि खाली बांधावर तात्या उठून उभे राहिले. तो माणूस गुडघ्यावर आदळला. गुडघा फुटला, पण खांदा त्यानं सोडला नाही. "हैऽऽ या!" धाकू ओरडला, होडी वाळूवर ओढताना ओरडतात तसा, आणि चौघं पुन्हा उभे राहिले. दगड भुईला लागला नाही. खालून सगळ्या भावकीनं ते पाहिलं.

उंबराखाली खड्डा तयार होता. आजीनं मडक्यातली सगळी माती त्यात ओतली. वाळूच होती ती, शिंपल्यांच्या कपच्या असलेली. चौघांनी दगड त्यात उभा केला. मी त्या माणसाच्या गुडघ्याला पट्टी बांधायला बसले, तर तो म्हणाला, आधी होऊन जाऊ दे.

आता भावकीतल्या थोरल्यानं तीनदा विचारायचं असतं, "कोण आला?" आणि घरानं नाव सांगायचं. तात्या आणि त्यांची माणसं सरळ वाटेनं वर येऊन थोड्या अंतरावर उभी होती. सगळ्यांनी तात्यांकडं पाहिलं. तात्यांनी टोपी सारखी केली. "चला रं," एवढंच म्हणाले आणि वळून बांधावरून खाली निघाले. माणसं त्यांच्या मागं निघाली. काही लगेच, काही मागं बघत.

आजी पाठमोऱ्या माणसांकडं बघत राहिली.

"नाखवा," ती म्हणाली, "खांदा तू दिलास. तू इच्यार."

धाकूनं घसा साफ केला. "कोन आला?"

"भागू आला," आजी म्हणाली. "माझा बाप आला."

"कोन आला?"

"त्याच्या बोटीवरचं पाच जण आलं. नावं मला ठावं न्हाईत. पर आलं, आन हितंच ऱ्हातील."

"कोन आला?"

आजीनं तोंड उघडलं, पण आवाज निघेना. ठकूबाईनं तिला धरलं. मी उठले. मीच नाव घेणार होते, तेवढ्यात माझ्या शेजारून असा आवाज आला की उंबरातली पाखरं उडाली.

"भागू आला! माझा आजा आला! पळाला न्हवता त्यो!"

बाबा होते. दंडांतून रक्त ओघळत होतं, कोयता अजून हातात होता आणि मानेच्या शिरा तटतटून फुगल्या होत्या. तो आवाज खाचरं ओलांडून खाली गेला. बांधावर तात्या थांबले. मागं वळले नाहीत, पण पुढंही पाऊल टाकलं नाही.

आजीनं बाबांकडं बघितलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती चिडली होती.

"एवढा गळा व्हता तर आजपातूर कुठं ठिवला व्हतास रं?"

बांधाकडं तोंड करून बाबांनी पुन्हा नाव घेतलं, आधीपेक्षा मोठ्यानं.